पुरुषांच्या रकान्यातला आकडा

२०१५ सालच्या कापूस वेचणीच्या दिवसांत आप्पांच्या छातीवर डाव्या बाजूला लाल चट्टा उठला. आप्पा म्हणजे माझे मोठे काका. बोदवडपासून थोड्या अंतरावर आमची कोरडवाहू शेती आहे. त्या वर्षी पाऊस नेहमीसारखाच रुसलेला होता, पण कापूस बऱ्यापैकी आला होता. आप्पांनी चट्ट्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. कापसाचं गाठोडं छातीशी धरून उचलतो, त्याचं घासलं असेल, असं म्हणून त्यांनी खोबरेल तेल लावलं.

पंधरा दिवसांत चट्टा तळहाताएवढा झाला. हात लावला की गरम लागायचा. एका डॉक्टरांनी जंतुसंसर्ग म्हणून प्रतिजैविकं दिली. दहा दिवसांनी गोळ्या बदलून दिल्या. त्यानंतर कोणीतरी म्हणालं, आत गळू असेल. छोटा छेद घेतला, पण पू निघाला नाही. जानेवारी उजाडला तेव्हा तिथली कातडी जाड होऊन तिच्यावर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खड्डे पडले होते, स्तनाग्र आत ओढलं गेलं होतं आणि काखेत गाठी लागत होत्या. मग जळगावला बायॉप्सी झाली. रिपोर्टवर स्तनाचा कर्करोग असं लिहिलेलं होतं.

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. इंग्रजी वाचता येतं म्हणून रिपोर्ट माझ्या हातात दिला गेला. मी तो वाचून दाखवला तेव्हा आप्पा माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मले बायकाइचा रोग कसा व्हईन रे?"

मला उत्तर देता आलं नाही. रिपोर्ट चुकला असेल, असं मलाही आतून वाटत होतं. घरात ठरलं की गावात 'छातीत गाठ आहे' एवढंच सांगायचं. ऐकणारे आपापल्या परीने फुफ्फुसाचं काहीतरी समजून घेत. आप्पा तंबाखू खात, त्यामुळे कुणी जास्त विचारतही नसे. भुसावळहून रात्रीची गाडी, पहाटे दादर, मग परळचं टाटा हॉस्पिटल, अशा कितीतरी खेपा झाल्या. २०१७ च्या पावसाळ्यात आप्पा गेले. शेवटपर्यंत बाहेरच्या कुणालाही रोगाचं खरं नाव कळलं नाही.

त्यांच्या त्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी जे वाचत गेलो, ते इथे मांडतो आहे. मी डॉक्टर नाही. हा एका रोगाच्या नोंदीचा इतिहास आहे, आणि नोंदी ठेवणं हा थोडाफार माझ्याही धंद्याचा भाग आहे.

जुनी पानं

स्तनाच्या गाठीची सर्वांत जुनी लेखी नोंद म्हणून जी दाखवली जाते, ती इजिप्तमधल्या एका पपायरसात आहे. एडविन स्मिथ नावाच्या अमेरिकन माणसाने ती गुंडाळी १८६२ मध्ये लक्झरला विकत घेतली आणि १९३० मध्ये जेम्स हेन्री ब्रेस्टेड यांनी तिचं भाषांतर प्रसिद्ध केलं. हाती असलेली प्रत साधारण इसवी सनपूर्व १६०० च्या सुमाराची आहे, मूळ मजकूर त्याहून जुना मानतात. त्यात ४८ रुग्णांची वर्णनं डोक्यापासून खाली अशा क्रमाने दिली आहेत. पंचेचाळिसाव्या वर्णनात छातीवर फुगून आलेल्या, हाताला गार लागणाऱ्या गाठी आहेत. उपचाराच्या जागी 'नाही' एवढंच आहे.

हा रुग्ण पुरुष आहे. मला आधी याचं फार अप्रूप वाटलं. मग लक्षात आलं की त्या गुंडाळीत रुग्णाला सरसकट 'एक पुरुष' असंच म्हटलेलं आहे. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर माणूस म्हणजे पुरुष होता. ती गाठ कर्करोगाचीच होती का, यावरही अभ्यासकांचं एकमत नाही. तरी एक गोष्ट उरते. पुरुषाच्या छातीवर अशी गाठ येते, हे लिहिताना त्या लेखकाला काही विचित्र वाटलं नाही.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात स्तनरोगांवर वेगळा भाग आहे. तिथला विचार असा की कुमारिकांच्या स्तनांतल्या धमन्यांची तोंडं बंद असतात, म्हणून दोष तिथे पोचत नाहीत आणि त्यांना स्तनरोग होत नाहीत. गर्भिणी आणि बाळंतिणींमध्ये ती तोंडं उघडतात, म्हणून त्यांना होतात. त्या चौकटीत हा तर्क नीट बसतो. फक्त त्यात पुरुषाला जागा नाही. अर्बुद, म्हणजे न पिकणारी, खोलवर रुजलेली मांसल गाठ, हा विषय पुढच्या अध्यायात येतो आणि ती शरीरात कुठेही होऊ शकते असं म्हटलं आहे. म्हणजे एखाद्या पुरुषाला छातीवर अशी गाठ झाली असती, तर वैद्याने तिला अर्बुद म्हटलं असतं, स्तनरोग म्हटलं नसतं. आमच्या घराने २०१६ मध्ये हेच केलं.

युरोपात चौदाव्या शतकातला इंग्लिश शल्यविशारद जॉन आर्डर्न याने एका धर्मगुरूच्या स्तनातल्या गाठीची हकीकत लिहून ठेवली आहे. पुरुषाच्या स्तनाच्या कर्करोगाचं पहिलं स्पष्ट वर्णन म्हणून पुष्कळ ठिकाणी तिचाच उल्लेख होतो. त्यानंतरची काही शतकं अशा सुट्या हकीकतीच भेटतात. कुणीतरी एक रुग्ण पाहतो, चकित होतो, लिहून ठेवतो.

एकावरून शंभरावर

एका रुग्णावरून आश्चर्य वाटतं. रोग समजायला अनेक रुग्ण एकत्र मांडावे लागतात. हे काम एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सुरू झालं. १८८९ मध्ये रॉजर विल्यम्स या इंग्लिश सर्जनने पुरुषांच्या स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर नोंदी एकत्र करून 'लॅन्सेट'मध्ये लेख लिहिला. १९२७ मध्ये अमेरिकेत वेनराइट याने जगभरच्या वैद्यकीय लिखाणातून ४१८ रुग्ण गोळा केले. या मोजणीतून जे प्रमाण पुढे आलं, ते आजही फारसं बदललेलं नाही. स्तनाच्या कर्करोगाच्या दर शंभर रुग्णांमागे साधारण एक पुरुष असतो.

मुळात पुरुषाला स्तन असतो का, इथूनच सुरुवात करावी लागते. असतो. गर्भात मुलगा आणि मुलगी यांच्या स्तनाची सुरुवात सारखीच होते. वयात येताना मुलीत इस्ट्रोजेनमुळे ती ग्रंथी वाढते, मुलात ती स्तनाग्रामागे थोड्याशा नलिकांपुरती राहते. कर्करोग बहुधा नलिकांच्या अस्तरात सुरू होतो आणि त्या नलिका पुरुषाजवळही असतात. पुरुषात भोवतालचं मांस मात्र इतकं कमी असतं की गाठीला एका बाजूला कातडी आणि दुसऱ्या बाजूला छातीचा स्नायू लगेच भेटतो. त्यामुळे लहान गाठसुद्धा लवकर कातडीला चिकटते. त्यात माणूस साठी-सत्तरीचा असतो, उघड्या अंगाने वावरताना गाठ दिसली तरी कुणाला दाखवत नाही, आणि दाखवली तर समोरच्याच्या मनात हा रोग येत नाही. पुरुषांचा रोग उशिरा कळतो तो असा.

आप्पांना झाला होता तो याहून वेगळा, दाहक प्रकार होता. यात बहुतेक वेळा हाताला गाठ लागतच नाही. कर्करोगाच्या पेशी कातडीतल्या बारीक लसिकावाहिन्यांमध्ये शिरून त्या तुंबवतात. पाणी साठतं, कातडी सुजते, लाल आणि गरम होते. केसांच्या मुळांशी कातडी खाली बांधलेली असते, तेवढी जागा सुजत नाही, म्हणून तिथे खड्डे पडतात आणि संत्र्याची साल दिसते. हे सगळं काही आठवड्यांत घडतं. दिसायला हे हुबेहूब जंतुसंसर्गासारखं असतं. ताप मात्र सहसा नसतो, आणि प्रतिजैविकांनी उतार पडत नाही.

चार्ल्स बेल या स्कॉटिश सर्जनने १८१४ मध्येच लिहून ठेवलं होतं की स्तनावरच्या कातडीला जांभळट रंग आणि सोबत चमका असतील, तर ते लक्षण फार वाईट समजावं. पुढे शंभर वर्षं या प्रकाराला वेगवेगळी नावं मिळत राहिली. १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या ली आणि टॅनेनबॉम यांनी त्याला 'दाहक कर्करोग' म्हटलं आणि ते नाव टिकलं. गंमत अशी की यात खरा दाह नसतोच. सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात त्या तुंबलेल्या वाहिन्या. बघणाऱ्याला जे वाटलं, ते नावात राहिलं.

त्या काळी स्तनाच्या कर्करोगावर एकच मोठा उपाय होता: हॉलस्टेड यांनी १८९० च्या दशकात रूढ केलेली, स्तन, छातीचा स्नायू आणि काखेतल्या गाठी एकत्र काढून टाकणारी शस्त्रक्रिया. दाहक प्रकारात तिचा उपयोग झाला नाही. चाकू लावावा त्याच्या पलीकडे रोग आधीच पोचलेला असायचा, आणि टाक्यांच्या आसपासच तो परत यायचा. नुसत्या शस्त्रक्रियेवर सोडलेले जवळपास सगळे रुग्ण पाच वर्षांच्या आत जात. १९७० च्या दशकात आधी केमोथेरपी, मग शस्त्रक्रिया, मग किरणोपचार असा क्रम पुढे आला आणि काही माणसं जगू लागली. आज निदानाची खूण अशी सांगतात: लाली आणि सूज वेगाने आलेली, स्तनाच्या निदान एक तृतीयांश भागावर पसरलेली, आणि सुरू होऊन सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ न झालेला. 'निदान एक तृतीयांश' हे स्त्रीच्या स्तनाकडे बघून ठरलेलं माप आहे. पुरुषाच्या छातीवर ती तृतीयांश जागा कुठून मोजायची, हा प्रश्न डॉक्टरला दर वेळी स्वतःच सोडवावा लागतो. मुळात एका दुर्मीळ रोगाचा हा आणखी दुर्मीळ प्रकार, त्यामुळे जगभरच्या लिखाणात तो बहुतेक एकेका रुग्णाच्या हकीकतीतूनच भेटतो. या बाबतीत आपण अजून आर्डर्नच्या काळात आहोत.

परळ

आप्पांना ज्या इमारतीत नेलं, तिच्या मागेही एक आजारपण आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पुढच्या वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या नावाच्या विश्वस्तनिधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. कर्करोग हा श्रीमंत, थंड देशांतला रोग आहे, हिंदुस्थानात तो फारसा नाही, असं मानण्याचा तो काळ होता.

हा समज खोडण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, ते वसंत रामजी खानोलकर. विकृतिशास्त्र हा त्यांचा विषय. १९४५ मध्ये त्यांनी सूर्याबाई यांच्यासोबत एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात हिंदुस्थानातल्या चालीरीतींशी जोडलेले कर्करोगाचे तीन प्रकार मांडले होते. त्यातला एक धोतराचा. कमरेला वर्षानुवर्षं एकाच जागी धोतर घट्ट कसल्याने तिथली कातडी काळी, जाड होते आणि काहींना तिथे कर्करोग होतो. दुसरे दोन तंबाखूचे: एक पेटती बाजू तोंडात धरून ओढल्या जाणाऱ्या चुट्ट्याचा, आणि एक चुन्यासोबत ओठामागे धरल्या जाणाऱ्या तंबाखूचा.

हे वाचताना मला आप्पांचं कापसाचं गाठोडं आठवलं. घासण्याने कर्करोग होतो, ही त्यांची समजूत अगदीच निराधार नव्हती. त्यांच्या रोगाला मात्र ती लागू नव्हती. खानोलकरांच्या त्या कामात मला मोठी वाटते ती एक गोष्ट. रुग्ण काय नेसतो, काय खातो, कुठल्या समाजातला आहे, हे त्यांनी लिहून घेतलं. मुंबईत पारशी स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग जास्त आणि गर्भाशयाच्या मुखाचा कमी, हेही अशाच नोंदींतून दिसलं. तसं पाहिलं तर कर्करोग कुणाला होतो हा प्रश्न त्यांनी जातीपातीच्या कुजबुजीतून काढून कागदावर आणला.

खानोलकरांच्या हाताखाली काम करून १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवलेली बाई म्हणजे कमल रणदिवे. माहेरच्या समर्थ, जन्म १९१७, पुण्याच्या. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. पुढे त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत शिकल्या आणि परत येऊन परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये पेशी काचेत वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली. ही भारतातली अशी पहिली प्रयोगशाळा. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. पण त्यांचं आयुष्यभराचं काम उंदरांवरचं होतं. उंदरांच्या काही वाणांत माद्यांना स्तनाचा कर्करोग हटकून होतो, काहींत जवळजवळ होत नाही. मग या वाणांच्या स्तनग्रंथींत फरक काय, आईच्या दुधातून काय जातं, संप्रेरकं काय करतात, आणि रक्तातून, म्हणजे वारशाने, काय येतं? स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांचा संबंध सुरुवातीच्या काळात ज्यांनी ठामपणे मांडला, त्यांत रणदिवे यांचं नाव घेतलं जातं.

याच शोधाच्या वाटेवर एक नर उंदीरही आहे. १९३२ मध्ये पॅरिसला आंत्वान लाकासान्य यांनी नर उंदरांना बीजकोशातल्या संप्रेरकाची इंजेक्शनं दिली आणि त्या नरांना स्तनाचा कर्करोग झाला. आप्पांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या प्रयोगात आहे. ज्या अवयवात हा रोग होतो तो नराजवळ आहेच, फक्त त्याला सहसा हवा तेवढा इशारा मिळत नाही.

इशारे

तो इशारा माणसात कुठून येतो, हे हळूहळू उलगडलं. यकृत बिघडलं की शरीरातल्या संप्रेरकांचं गणित बदलतं. १९४२ मध्ये हॅरी क्लाइनफेल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंच, कमी दाढी-मिशा असलेल्या, स्तन वाढलेल्या काही पुरुषांचं वर्णन केलं. १९५९ मध्ये कळलं की अशा पुरुषांत एक्स गुणसूत्र एक जास्तीचं असतं. त्यांना स्तनाच्या कर्करोगाचा धोका इतर पुरुषांच्या कितीतरी पट असतो.

त्याच १९४२ मध्ये न्यूयॉर्कच्या फॅरो आणि अडेर यांनी 'सायन्स'मध्ये छोटा लेख लिहिला. पुरुषाच्या स्तनाचा कर्करोग हाडांत पसरला असताना वृषणं काढली, तर हाडांतला रोग ओसरतो. त्याआधी १८९६ मध्ये ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन यांनी स्त्रियांमध्ये बीजकोश काढून असाच परिणाम पाहिला होता. पुढे टॅमॉक्सिफेनची गोळी आली. ती १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये वापरात आली, आणि कापाकापीऐवजी रोज एक गोळी पुरू लागली. पुरुषांच्या बाबतीत ती जास्तच लागू पडते. २०१८ मध्ये नऊ देशांतल्या १,४८३ पुरुष रुग्णांच्या नमुन्यांची जी एकत्र तपासणी प्रसिद्ध झाली, तिच्यात शंभरातल्या नव्याण्णव जणांच्या गाठींना इस्ट्रोजेनचा प्रतिसाद देणारे ग्राहक होते.

उत्तराचा उरलेला भाग वारशाचा आहे, आणि इथे पुरुषांनी एक मोठी मदत केली. १९९० मध्ये मेरी-क्लेअर किंग यांनी दाखवलं की स्तनाच्या कर्करोगाचं एक जनुक सतराव्या गुणसूत्रावर आहे. त्याला बीआरसीए-१ म्हणतात. पण काही घराणी या हिशोबात बसत नव्हती. ज्या घराण्यांत पुरुषांनाही हा रोग झाला होता, त्यांचा सतराव्या गुणसूत्राशी संबंध लागेना. १९९४ मध्ये मायकेल स्ट्रॅटन यांच्या गटाने हे प्रसिद्ध केलं. म्हणजे दुसरं जनुक असलं पाहिजे. त्याच वर्षी ते तेराव्या गुणसूत्रावर असल्याचं कळलं आणि १९९५ मध्ये ते हाती लागलं. ते बीआरसीए-२. ज्या पुरुषांना रांगेतला अपवाद समजलं जात होतं, त्यांच्याच घरांनी शास्त्रज्ञांना वाट दाखवली.

या जनुकात बिघाड असलेल्या पुरुषांपैकी शंभरात सहा-सात जणांना आयुष्यात स्तनाचा कर्करोग होतो. इतर पुरुषांत हे प्रमाण हजारात एकाच्या आसपास आहे. बिघाड बापाकडून मुलीकडे जाण्याची शक्यता निम्मी असते, मुलाकडेही तेवढीच. आणि तो मुलीत आला, तर तिचा धोका शंभरात सहा-सातावर थांबत नाही, निम्म्याच्या आसपास किंवा वर जातो.

रकाने

भारतात लोकसंख्येवर आधारलेली पहिली कर्करोग नोंदवही मुंबईत १९६३ मध्ये सुरू झाली. इंडियन कॅन्सर सोसायटीचे डॉ. दाराब जस्सावाला त्यामागे होते. शहरातल्या दवाखान्यांतून आणि मृत्यूच्या नोंदींतून प्रत्येक रुग्ण शोधायचा आणि एकदाच मोजायचा, असं ते काम. अशा वह्यांत अवयवांची यादी उभी असते, आणि समोर पुरुष आणि स्त्री असे रकाने. 'स्तन' या ओळीत पुरुषांच्या रकान्यातला आकडा आपल्याकडे लाखामागे एकाहूनही कमी येतो. पण रकाना रिकामा नसतो.

खेड्यांसाठी असं काम बार्शीला झालं. १९८७ पासून बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतली गावं धरून ग्रामीण नोंदवही सुरू झाली. लोक दवाखान्यात येतच नाहीत, त्यामुळे दवाखान्यात बसून मोजणी होणार नाही, हे ओळखून माणसं गावोगाव गेली. लक्षणं समजावून सांगितली, संशय आला त्यांना तपासायला आणलं. याचा परिणाम असा झाला की गर्भाशयमुखाचा कर्करोग तिथे आधीच्या टप्प्यात सापडू लागला. मोजायला गेलेल्या माणसामुळे रुग्ण लवकर आला. हे वाचल्यापासून मला आमच्या भागात असं कुणी दारावर आलं असतं तर, हा विचार सुटत नाही.

रोगांच्या जागतिक वर्गीकरणाची कथाही अशीच आहे. त्याच्या नवव्या आवृत्तीत स्त्रीच्या स्तनाच्या कर्करोगाला १७४ हा क्रमांक होता आणि पुरुषाच्या १७५. दहाव्या आवृत्तीत दोघांना मिळून सी-५० आला. पहिल्यात पुरुष वेगळा दिसतो, दुसऱ्यात रोग एकच आहे हे दिसतं. दोन्हींत काही मिळतं, काही हरवतं. औषधांच्या चाचण्यांत तर पुरुष बहुधा नसायचेच. सहभागाच्या अटींत 'स्त्री' असं लिहिलेलं असायचं. २०१९ मध्ये अमेरिकेने पाल्बोसिक्लिब हे औषध पुरुषांनाही द्यायला मंजुरी दिली, ती प्रत्यक्ष उपचार घेतलेल्या पुरुषांच्या नोंदींवरून. २०२० मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने कंपन्यांना सांगितलं की सबळ कारण नसेल तर पुरुषांना चाचण्यांतून वगळू नका.

आता माझी गोष्ट. पुण्यात एका कंपनीत असताना आम्ही परदेशातल्या रुग्णालयांसाठी एक प्रणाली बनवत होतो. रुग्णाची माहिती भरायच्या फॉर्मवर एक नियम हवा होता: लिंग 'पुरुष' निवडलं की स्तनतपासणीचा भाग दिसू नये. कागदावर तसं लिहून आलं होतं. मी पाच-सहा ओळींत तो नियम लिहिला. चाचणीत तो पास झाला. कुणी काही विचारलं नाही, मीही नाही. आठवड्याने रात्री झोपताना आप्पा आठवले आणि मी उठून बसलो. ज्याने आपल्या हाताने तो रिपोर्ट वाचून दाखवला होता, त्यानेच हा रकाना बंद केला होता. दुसऱ्या दिवशी मी तो मुद्दा मांडला. थोडी चर्चा झाली आणि नियम काढला गेला. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जो माणूस असतो, त्याच्याच मापाचा फॉर्म होतो, पपायरसापासून.

फाइल

गेल्या वर्षी बोदवडला गेलो असताना आप्पांची फाइल काढली. प्लॅस्टिकच्या पिशवीत, बँकेच्या पासबुकांखाली होती. रेल्वेची तिकिटं, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिल्याच्या पावत्या, केमोचे कागद. मध्येच एक घडी घातलेला कागद होता. त्यावर लिहिलेलं होतं की रुग्णाची जनुकीय तपासणी करून घ्यावी आणि जवळच्या नातेवाइकांना सल्ल्यासाठी पाठवावं. तारीख २०१६ ची. तो कागद तेव्हाही माझ्याच हातात आला असणार. केमोची तारीख, पैशांची सोय, परतीची गाडी, या गडबडीत तो वाचायचा राहिला. आणि पुढे वाचला असता तरी सांगणार कुणाला होतो? रोगाचं नावच लपवलं होतं. नाव लपवलं की त्याच्यासोबतची माहितीही लपते.

आप्पांना एक मुलगी आहे. ती चाळिशीला आली आहे, मलकापूरला असते. माझी आत्या भुसावळला. दोघींनाही आजवर 'छातीत गाठ' एवढंच माहीत होतं. आत्याला तर खात्री होती की भावाला तंबाखूने नेलं.

मी ताईला फोन केला. सुरुवात कशी करावी कळेना, म्हणून आधी पावसाची चौकशी केली. मग सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मले तवाच काहून नई सांगितलं?" तिच्या आवाजात राग होता आणि तो रास्त होता. मी म्हटलं, आप्पांना लाज वाटत होती. ती म्हणाली, "बापाले लाज वाटली, ते समजते. तुमाले कायची लाज होती?"

याचंही उत्तर माझ्याजवळ नव्हतं.

ताईने तपासणीसाठी रक्त दिलं आहे. रिपोर्ट यायचा आहे. काहीही आलं तरी ती आता दर वर्षी तपासून घेणार आहे, आणि आत्याला सांगायचं काम तिने स्वतःकडे घेतलं आहे. मीही डॉक्टरांना विचारून आलो. पुरुषाने काय बघायचं, तर स्तनाग्रामागे न दुखणारी गाठ, स्तनाग्र आत ओढलं जाणं किंवा त्यातून स्राव, आणि प्रतिजैविकांना न जुमानणारी लाली. एवढंच. अंघोळीच्या वेळी मिनिटभर लागतो.

आता गावात कुणी आप्पांचं विचारलं तर मी सरळ सांगतो, त्यांना स्तनाचा कर्करोग होता. ऐकणारा थोडा थबकतो. मग बहुतेक जण तोच प्रश्न विचारतात, जो आप्पांनी विचारला होता. आता मला दहा मिनिटं बोलता येतं.